इलेक्ट्रिक गाडीला 16 इंची चाकं की 18 इंची? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरात आमचं टायर आणि अलाइनमेंटचं काम आहे. पूर्वी गाडी लिफ्टवर चढली की मालक बाहेर चहाला जायचा. इलेक्ट्रिक गाडीवाले मात्र जवळ उभे राहतात आणि विचारत राहतात, कारण एका युनिटला किती किलोमीटर पडतात हे त्यांना रोज समोरच्या पडद्यावर दिसत असतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

मोठी चाकं टाकली की रेंज खरंच कमी होते का?

होते, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त होते. टेस्लाची 2023 मध्ये सुधारून आलेली मॉडेल 3 घ्या. तिच्या दोन मोटरवाल्या लाँग रेंज प्रकाराला युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत 18 इंची चाकांवर 678 किमी रेंज मिळाली आणि 19 इंचीवर 629 किमी. बॅटरी तीच, मोटर त्याच. चाक एका इंचाने वाढलं आणि 49 किमी गेले. कोल्हापूरहून सांगली गाठावी, जवळजवळ तेवढं अंतर.

युरोपात चाक आणि टायर बदलले की रेंजचा आकडाही वेगळा सांगावा लागतो, म्हणून हा फरक तिथे कागदावर दिसतो. बाहेरून ॲलॉय बसवताना आपल्याकडे असा आकडा कुणी हातात देत नाही. तो तुम्हाला नंतर रस्त्यावर कळतो.

पण चाकाचा आणि बॅटरीचा संबंध काय? बॅटरी तर तीच आहे.

टायर रस्त्याला टेकतो तिथे थोडा चपटा होतो आणि पुढे फिरला की परत गोल होतो. प्रत्येक फेरीत रबर असं दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं. कणीक तिंबताना हाताला जोर लागतो तसा इथे बॅटरीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होऊन हवेत जाते. लांब पल्ल्याहून आल्यावर टायरला हात लावून बघा, ती ऊब तुमच्या बॅटरीतूनच आलेली असते.

याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. टायरचा गुणांक म्हणजे गाडीच्या वजनाचा किती हिस्सा जोर तिला लोळवायला लागतो तो आकडा. 1600 किलोची गाडी आणि 0.009 गुणांकाचा टायर धरला, तर गाडी नुसती पुढे ढकलायला सुमारे 141 न्यूटन जोर लागतो. म्हणजे 100 किमीला जवळपास 3.9 युनिट. त्याच गाडीला 0.012 गुणांकाचा, रुंद आणि दिसायला दणदणीत टायर घातला की तेच 5.2 युनिट होतात. 100 किमीला 1.3 युनिट जास्त. जी गाडी एरवी 100 किमीला 14 युनिट घेते, तिच्यासाठी हे नऊ टक्क्यांच्या घरात जातं.

लक्षात घ्या, या हिशोबात इंच कुठेच आला नाही. फरक पाडला तो टायरने. 18 इंची ॲलॉय बसवणारा माणूस बहुतेक वेळा त्यासोबत रुंद आणि स्पोर्टी टायर घेतो, म्हणून खापर रिमवर फुटतं. खरं तर रिम, टायर, वजन आणि हवेचा अडथळा असे चार खर्च एकदम वाढलेले असतात.

पेट्रोल गाडीलाही हेच लागू होतं ना? मग इलेक्ट्रिकवाल्यांनीच काळजी का करायची?

पेट्रोल इंजिनात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यात चाकाचं नुकसान दडून जातं. इलेक्ट्रिक मोटर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकापर्यंत पोचवते, त्यामुळे चाकापाशी जे वाया जातं ते लगेच नजरेत भरतं. शिवाय पेट्रोल कमी पडलं तर शिरोलीच्या नाक्यावर पाच मिनिटांत भरता येतं. चार्जरवर तेवढ्यात भागत नाही.

फरक शहरात जास्त पडतो की हायवेवर?

दोन्हीकडे पडतो, कारणं वेगळी.

ताशी 50 किमीला साधारण मध्यम आकाराच्या गाडीवर हवेचा अडथळा 80 न्यूटनच्या आसपास असतो. टायरचा अडथळा वर सांगितला, 141. म्हणजे राजारामपुरी ते ताराबाई पार्क, किंवा शाहूपुरीतून रंकाळ्यापर्यंत फिरताना टायरचं रबर आणि त्यातली हवा हेच महत्त्वाचं.

ताशी 100 ला वेग दुप्पट होतो, पण हवेचा अडथळा चौपट होऊन 320 न्यूटनवर जातो. पुणे-बंगळूर महामार्गावर तुमची बॅटरी मुख्यतः हवा कापण्यात जाते. गाडीला एकूण जो हवेचा अडथळा होतो त्यातला साधारण पाव हिस्सा चाकं आणि चाकांच्या कमानी यांचा असतो. रिमचे आरे मोकळे, खोल आणि धारदार असले की ते पंख्यासारखी हवा घुसळतात. टायर रुंद असला की समोरून जास्त हवा अडते.

म्हणून ज्यांची गाडी मुख्यतः शहरात आणि कागल-गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंत जाते, त्यांना मी आधी टायरबद्दल विचारतो. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यांना रिमच्या नक्षीबद्दल विचारतो.

आजोबा म्हणायचे मोठं चाक हलकं पळतं. बैलगाडीचं चाक किती मोठं असायचं! ते चूक होतं का?

आजोबांचं अगदी बरोबर होतं. बाहेरून मोजलेला पूर्ण व्यास मोठा असेल तर चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि सहज लोळतं. बैलगाडीचं चाक उंच होतं आणि अरुंदही होतं. बीएमडब्ल्यूने 2013 मध्ये आय3 ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा नेमकं हेच केलं. तिला 19 इंची चाकं दिली, पण टायरची रुंदी फक्त 155 मिलिमीटर. ऊर्जा वाचावी म्हणून चाक मोठं आणि टायर सडपातळ.

आपल्याकडे जे केलं जातं ते वेगळं आहे. कमानीत मावायला हवं म्हणून टायरचा बाहेरचा व्यास तेवढाच ठेवतात आणि आतली धातूची रिम वाढवतात. म्हणजे चाक मोठं होतच नाही, त्यातलं रबर कमी होतं आणि लोखंड किंवा ॲल्युमिनियम वाढतं. मोठ्या चाकाचा फायदा मिळत नाही आणि खर्च सगळा अंगावर येतो.

टायरवर 215/60 आर16 असं लिहिलंय. ते वाचायचं कसं?

टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचा हाच आकार आहे, तोच घेऊ. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी. 60 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, म्हणजे 129 मिलिमीटर. 16 म्हणजे रिमचा व्यास इंचात, मिलिमीटरमध्ये 406. दोन्हीकडची भिंत धरून पूर्ण व्यास 664 मिलिमीटर होतो.

आता याच गाडीला 18 इंची रिम घालायची आणि व्यास तेवढाच ठेवायचा, तर 225/45 आर18 घ्यावा लागेल. पूर्ण व्यास 660, म्हणजे जवळजवळ तोच. पण भिंत 129 वरून 101 मिलिमीटरवर आली. खड्डा आणि रिम यांच्यामधलं जवळजवळ तीन सेंटीमीटर रबर गेलं. कॅटलॉगमध्ये इंच बघण्यापेक्षा आधी हा हिशोब करा, दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतो.

मग कंपन्या स्वतःच 18, 19, 20 इंची चाकं का देतात?

त्यांनी आख्खं चाक मोठं केलेलं असतं आणि गाडी त्याच मापावर बेतलेली असते. टाटाच्या कर्व्ह ईव्हीला 215/55 आर18 येतो. रिम 18 इंची असली तरी भिंत 118 मिलिमीटर आहे, 17 इंची चाकांच्या एमजी झेडएस ईव्हीइतकीच. महिंद्राच्या बीई 6 ला पर्याय म्हणून 20 इंची चाकं मिळतात, तिथे टायर 245/50 आर20 आहे आणि भिंत 122 मिलिमीटरच्या वर. त्यामुळे कारखान्यातून आलेलं 20 इंची चाक आणि बाजारातून आणून 16 च्या जागी घातलेलं 18 इंची चाक यांची तुलना इंचावर करू नका. बीई 6 च्या टायरला खड्ड्यात जितकी गादी आहे तितकी त्या 18 इंचीला नाही.

तरीही एकाच मॉडेलमध्ये दोन मापं उपलब्ध असतील तर मी लहान माप घ्यायला सांगतो. तिथे नियम साधा आहे: भिंत जास्त, रेंज जास्त, पुढे टायर स्वस्त.

बसायला किती फरक पडतो? शॉकअप चांगले असतील तर चालून जाईल ना?

शॉकअपचं काम चाक हलल्यानंतर सुरू होतं. बारीक खडी, रस्त्याची ठिगळं, सिमेंटचे सांधे हे सगळं आधी टायरची भिंत पचवते. भिंत कमी झाली की ते तसंच्या तसं स्टिअरिंगवर आणि सीटमध्ये येतं.

दुसरी गोष्ट वजनाची. मोठी रिम आणि रुंद टायर मिळून एका चाकामागे दोन-तीन किलो सहज वाढतात, आणि हे वजन शॉकअपच्या खालचं असतं. गाडीत पोतं ठेवलं तर स्प्रिंग ते तोलते, पण चाकाचं वजन वाढलं की ते चाक खड्ड्यातून उसळताना आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. रस्ता तोच, पण गाडी आदळते.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक अडचण आहे, शांततेची. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरची घरघर, खडीचा सडसडाट आणि खड्ड्याचा धप्पकन आवाज स्वच्छ ऐकू येतो. आमच्याकडे कितीतरी जण "बेअरिंग गेलंय का बघा" म्हणून येतात आणि आवाज टायरचा निघतो.

मागे लहान मूल किंवा कंबरदुखीची माणसं बसत असतील तर ट्रायल घेताना तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा. पुढे बसून हा फरक अर्धाच कळतो.

टायरला फुगा आला म्हणजे नेमकं काय झालं?

भिंतीच्या आत दोऱ्यांचं जाळं असतं. खड्ड्याच्या कडेवर चाक जोरात आदळलं की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबर चिमटलं जातं आणि काही दोरे तुटतात. मग तिथे फक्त रबर उरतं, आतली हवा ते बाहेर ढकलते आणि गोळा दिसतो.

मागच्या पावसाळ्यात गगनबावडा रस्त्यावरून एक गाडी आली. 18 इंची काळे चमकदार ॲलॉय, बाहेरून टायर एकदम नवा. मालकांची तक्रार एवढीच, की 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करून घ्यावं म्हणून आले होते. चाक उतरवून आतल्या बाजूने हात फिरवला तर बोटाला बोराएवढा गोळा लागला. त्याच जागी रिमची आतली कडाही दबली होती. बाहेरून काहीही दिसत नव्हतं आणि ते तसेच दोनदा पुण्याला जाऊन आले होते. तो टायर मी परत चढवला नाही.

फुग्याला पॅच नसतो. कुणी लावून देतो म्हणालं तरी लावू नका. असा टायर महामार्गावर एका क्षणात फुटतो.

ॲलॉय वाकला तर ठोकून सरळ होतो का?

लोखंडी रिम वाकते आणि पुष्कळदा सरळही होते. ॲलॉय ॲल्युमिनियमचा असतो, तो आधी थोडा वाकतो आणि मग तडकतो. कडा किंचित दबली असेल तर मशीनवर काढता येते. पण गॅसवर लाल करून ठोकलेला किंवा तडा वेल्डिंगने भरलेला ॲलॉय वापरू नये. कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: ओतकाम झाल्यावर उष्णता देऊन जी ताकद आणलेली असते ती पुन्हा तापवलं की उतरते. वरून रंग मारला की चाक नवं दिसतं, पण आतून ते कमजोर झालेलं असतं.

पण 18 इंची टाकल्यावर गाडी लई भारी दिसते! दिसण्याला काही किंमत नाही का?

आहे की. कोल्हापुरात गाडी घेतल्यावर ती आधी अंबाबाईला दाखवायची, मग मित्रांना. गाडी देखणी असावी असं वाटणं यात काहीच गैर नाही आणि त्यासाठी कुणाला मी बोल लावत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत चाक बारीक का वाटतं याचं कारणही खरं आहे. बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे गाडीची बाजू उंच आणि जाड होते. एवढ्या मोठ्या पत्र्याखाली 16 इंची चाक हरवल्यासारखं दिसतं. डिझाइन करणारे कागदावर मोठी चाकं काढतात ती म्हणूनच.

तरी दिसणं सुधारायला इंच वाढवणं हा एकच मार्ग नाही. आहे त्याच मापात दोन रंगांचा, आरे कडेपर्यंत गेलेला ॲलॉय घेतला की चाक नजरेला मोठं भासतं. जाड काळी कडा असलेल्या रिममध्ये तेच चाक लहान दिसतं. टायर स्वच्छ, रिमवरची ब्रेकची काळी धूळ पुसलेली, चारही व्हॉल्व्ह कॅप जागेवर, एवढ्यानेही गाडी उठून दिसते. आणि वाढवायचंच असेल तर एक इंच वाढवा, तेही कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात दिलेल्या मापापर्यंत. सोळाला सतरा मी बसवून देतो. सोळाला अठरा बसवण्याआधी मी गिऱ्हाइकाला बसवून हा सगळा हिशोब सांगतो.

रिमवरची ती प्लॅस्टिकची झाकणं काढली तर चालेल का? ॲलॉय झाकून टाकतात.

काढू नका. आरे झाकले की हवा चाकात घुसत नाही, सरळ बाजूने निघून जाते. महामार्गावर त्याचा उपयोग आहे.

पेट्रोल गाडीत चाकं अशी बंद करणं अवघड होतं, कारण ब्रेक गार करायला हवा लागते. इलेक्ट्रिक गाडी बराचसा वेग मोटरने, म्हणजे रीजनने, कमी करते. ब्रेक डिस्क कमी तापते, म्हणून चाक बंद ठेवणं परवडतं.

इथे घाटवाल्यांसाठी एक सूचना. बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर रीजनला वीज ठेवायला जागा नसते आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी घरी चार्ज करताना 85-90 टक्क्यांवर थांबावं. गड उतरतानाच थोडी बॅटरी भरते.

कोकणात उतरताना-चढताना मोठ्या चाकांनी जास्त बॅटरी जाते का?

चढाचा खर्च वजनाचा असतो, चाकाच्या मापाचा त्यात वाटा किरकोळ. रत्नागिरी समुद्रसपाटीला आणि कोल्हापूर सुमारे 550 मीटर उंचीवर. 1600 किलोची गाडी तेवढी वर आणायला 2.4 युनिट लागणारच, चाक कोणतंही असो. चार चाकांमागे दहा किलो वाढले तरी 1600 मध्ये ते दहाच.

आंबा घाटात किंवा करूळ घाटात मोठ्या रिमचं नुकसान दुसरीकडून होतं: वळणावर समोरून ट्रक आला की गाडी कडेला घ्यावी लागते, आणि डांबराची तुटकी कड थेट रिमला लागते.

पावसात रुंद टायर चांगला पकडतो ना?

कोरड्या रस्त्यावर, हो. साचलेल्या पाण्यावर उलट होतं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, ते जमलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. इथे खाचांची खोली सगळ्यात महत्त्वाची. टायरच्या खाचांमध्ये 1.6 मिलिमीटरची उंचवट्याची खूण असते, रबर झिजून तिच्याशी सपाट झालं की टायर संपला. आपल्या पावसाचा विचार करता मी 3 मिलिमीटरला बदलायला सांगतो.

उसाच्या हंगामातही हेच. शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांची माती रस्त्यावर येते, त्यावर सकाळचं दव पडतं आणि निसरडं होतं. इलेक्ट्रिक मोटर एकदम जोर देते, म्हणून अशा ठिकाणी इको मोड बरा.

टायर बदलताना कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो सगळे सारखेच.

सारखे नसतात. माप तेच ठेवा आणि मग तीन गोष्टी बघा.

पहिली लोड इंडेक्स. इलेक्ट्रिक गाडी त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. टायरवर 95 आकडा असेल तर एक टायर 690 किलो पेलतो, 91 असेल तर 615. कंपनीने 95 दिला असताना 91 घेणं धोक्याचं आहे. त्यापुढचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी 210 किमी, व्ही म्हणजे 240.

दुसरी रोलिंग रेझिस्टन्स. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे फ्रिज-एसीला तारे देणारीच संस्था, टायरलाही तारांकन देते. तारे जास्त असलेला टायर घ्या. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींसाठी आपल्याकडे एआयएस-142 हे मानक आहे, त्यामुळे या गोष्टी दुकानदाराला खुशाल विचारा.

तिसरी गोष्ट बनवल्याची तारीख. भिंतीवर चार आकडे असतात, 1525 म्हणजे 2025 सालचा पंधरावा आठवडा.

"ईव्ही" लिहिलेल्या टायरमध्ये काहीवेळा आत फोमचा पट्टा असतो, आवाज कमी करायला. असा टायर पंक्चर झाला तर काढणाऱ्याला आधी सांगा, फोम कापून पंक्चर काढावं लागतं.

हवा किती ठेवू?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर असेल तेवढी. टायर थंड असताना. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. हवा चार-पाच पीएसआयने कमी झाली की रबर जास्त चपटं होतं, रेंज घटते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. हवेचं तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब एक-दोन पीएसआयने पडतो, म्हणून पहिली थंडी पडली की तपासा. एवढं फुकट मायलेज दुसऱ्या कशातून मिळत नाही.

माप बदललं तर मीटर चुकतं का?

पूर्ण व्यास बदलला तर चुकतं. 215/60 आर16 काढून 225/55 आर17 घातला तर व्यास 664 वरून 679 मिलिमीटर होतो, सव्वादोन टक्के जास्त. मीटर 100 दाखवेल तेव्हा पूर्वीपेक्षा दोन किमी जास्त वेगाने जात असाल. किलोमीटरही कमी मोजले जातील, म्हणजे युनिटमागे सरासरी आहे त्यापेक्षा थोडी वाईट दिसेल. आधीची आणि नंतरची सरासरी ताडून बघताना हे दोन टक्के जमेस धरा, नाहीतर नव्या चाकांवर थोडा अन्याय होतो.

कायद्याचं काय? आरटीओ पकडेल का?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. कंपनीने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेलं माप असेल तर चिंता नाही. चाक कमानीबाहेर आलेलं असेल किंवा टायरची भारक्षमता कमी असेल तर पोलिसांआधी विमा कंपनी प्रश्न विचारेल, आणि सस्पेन्शनची वॉरंटीही अडू शकते. बिल जपून ठेवा.

नवे ॲलॉय घेताना आणखी काय विचारू?

बोल्टांच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप, म्हणजे ऑफसेट, मधल्या भोकाचा व्यास, आणि एका रिमचं वजन. वजन दुकानदाराला माहीत नसेल तर काट्यावर ठेवून घ्या, दोन मिनिटांचं काम. मधलं भोक सैल असेल तर रिंग घालून घ्या, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. जुन्या चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते नव्यात घालायला विसरू नका. स्टेपनी जुन्या मापाची राहते, तिचा पूर्ण व्यास नव्या चाकांशी जुळतो का तेही बघा.

रेंज वाढावी म्हणून 16 काढून 15 इंची घालू का?

आधी ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, रिमच्या आत मावतो का ते बघावं लागेल, पुष्कळदा मावत नाही. मावला तरी त्या मापात पुरेशा भारक्षमतेचा टायर मिळायला हवा. टिआगो ईव्हीसारख्या गाडीला मुळातच 175/65 आर14 येतो, तिथे खाली जायची गरजच नाही.

मोठ्या चाकांनी माझी रेंज किती घटली, हे मी स्वतः कसं मोजू?

कावळा नाक्याहून महामार्गाला लागा, निपाणीपर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत या. जाऊन-येऊन मोजल्याने वारा आणि चढ-उतार दोन्हीकडे वाटले जातात. क्रूझ कंट्रोल 80 वर, एसी एकाच तापमानाला, माणसं तेवढीच, हवा थंड टायरवर तपासलेली. जुन्या चाकांवर दोन फेऱ्या, नव्यांवर दोन. एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नका. आणि नवे टायर पहिले काही शे किलोमीटर जरा जड लोळतात, ते होऊ द्या, मग मोजा.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतोय, तिला बाहेरचे मोठे ॲलॉय आहेत. काय बघू?

मालकाकडे मूळ चाकं आहेत का ते आधी विचारा. असतील तर सौद्यातच घ्या, नसतील तर चार रिम आणि चार टायरची किंमत कमी करून मागा. नंतर गाडी लिफ्टवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवा आणि रिमची आतली कड डोळ्यांसमोरून जाऊ द्या, वाकलेली असेल तर ती वर-खाली नाचताना दिसते. टायरच्या आतल्या भिंतीवरून बोटं फिरवा. मागच्या चाकांचं आतलं रबर बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलंय का बघा, आणि झिजलं असेल तर पैसे देण्याआधी अलाइनमेंटची छापील पट्टी मागा.